कापसाच्या मोसमातला बर्फ

मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, लोकरीची कानटोपी घालून आर्वीच्या रस्त्यानं चाललेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्या शेजारून चालावंही लागलंय मला, कारण तो माझा साहेब होता. लोक त्याच्याकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघायचे, की हा पोरगा तर बरा दिसतो, हा काऊन याच्यासंग?

"भाऊ, काढा ना ती टोपी," मी म्हणायचो. "लोक हासून राह्यले."

"हासू दे. कानाले सवय लागली पाह्यजे."

"कशाची?"

"लोकरीची. ऐन वक्तावर कान खाजवाले लागले, तं मी काठ्या धरू का कान खाजवू?"

काठ्या म्हणजे बर्फावरून घसरताना दोन्ही हातांत धरतात त्या. भाऊंना स्कीइंग करायचं होतं. पायाला लांब फळ्या बांधून, काश्मिरात जाऊन, गुलमर्गच्या डोंगरावरून खाली यायचं होतं. आता आर्वीत त्या काळी आम्हाला बर्फ ठाऊक होता तो रसवंतीतला आणि गोळेवाल्याच्या गाडीवरचा. डोंगर म्हणाल तर जिनातल्या, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या गंज्या. त्याहून उंच काही आमच्या रोजच्या नजरेत नव्हतं.

त्र्याहत्तर साली मी तिथल्या एका जिनात ज्युनिअर ग्रेडर म्हणून लागलो. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आवारात यायच्या. ग्रेडरनं बंडीवर चढायचं, आत हात घालून कापूस बाहेर काढायचा, ओला आहे की सुका, पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, किती, धागा केवढा, हे बघून प्रत सांगायची. शेतकऱ्याची वर्षभराची कमाई त्या एका शब्दावर असायची. भाऊ मुख्य ग्रेडर. त्यांनी प्रत सांगितली की त्यावर कोणी ब्र काढत नसे, कारण बंडी पाटलाची असो की मजुराच्या दीड एकरातली, भाऊंचा हात सारखाच कोपरापर्यंत आत जायचा. "वरून सगळंच पांढरं असते लेका," ते मला सांगायचे. "कोपर बुडलं पाह्यजे."

माझ्या मुलाखतीला मॅनेजरसाहेब प्रश्न विचारत होते. शेजारी हा उंच, वाळका, पांढऱ्या भुवयांचा माणूस गप्प बसलेला. भुवया पिकलेल्या नव्हत्या, त्यांवर रुईचा, कापसाच्या तंतूंचा, भुरका बसलेला होता, हे मला नंतर कळलं. मध्येच ते उठले, माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "दुकानदारानं टेरिकॉट म्हणून देल्लं असन. नाई हाय. पाण्यात टाकलं का आखडते." आणि आखडलाच. पुढच्या सोमवारी मी तो आखूड बाह्यांचा शर्ट तसाच घालून कामावर हजर झालो, तेव्हा भाऊ इतके खूश झाले की मला त्यांनी तिथल्या तिथं आपला शागीर्द करून टाकलं.

बोटांची त्यांची निगा काय सांगू! रोज सकाळी शेंड्यांना साजूक तूप. लाकूड फोडायचं नाही, विहिरीचा दोर ओढायचा नाही, गरम कपबशी धरायची नाही. चहा त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, वाटीत ओतून निववून द्यायचा. वहिनी बुटक्या, ठसकेबाज. म्हणायच्या, "माह्या वाट्याले दहा बोटायचा नवरा आला बाप्पा. हात आलेच नाई."

माणसांचीही भाऊ प्रत काढायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला मी त्यांनाच बरोबर नेलं होतं. परतताना एसटीत बसल्यावर मी विचारलं, कशी वाटली? तर म्हणे, "पोरीचं तू पाह्य. मी तुह्या सासऱ्याचा हात हातात घेऊन पाह्यला. वरून कवडी दिसते, आतून सुका हाय. करून टाक." मी करून टाकलं. सासऱ्यांबद्दलचा तो निकाल अगदी बरोबर निघाला, हे मी आजही मान्य करतो. बायकोपुढं जरा जास्तच मोठ्यानं करतो.

बर्फाचं खूळ कुठून शिरलं, ती कथा मी लागण्याच्या आधीची. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर आलं होतं. जानेवारीच्या पानावर पांढराशुभ्र उतार, आणि त्यावरून पायाला फळ्या बांधलेला एक माणूस खाली येतोय. भाऊ सही घ्यायला आत गेले, चित्रावर नजर पडली आणि भडकलेच.

"हा कोण हाय? गंजीवर लाकडं बांधून काऊन चढला हा? कापसाचा सत्यानाश करून राह्यला!"

आता त्यांचा राग रास्त होता. गंजीवर पायतण घालून चढायची आमच्याकडे सक्त मनाई होती, आणि या गृहस्थानं तर पायाला पाटच बांधलेले. मॅनेजरसाहेब खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. "भाऊ, तो बर्फ हाय, बर्फ!"

"बर्फ? एवढा? अन् असा मोकळा?"

भाऊंनी तोवर बर्फ पाहिला होता तो लादीतला, भुशात गुंडाळलेला. ते कॅलेंडरजवळ गेले, कागद बोटानं चोळून पाहिला आणि तिथंच उभे राहिले. मॅनेजरसाहेब सांगायचे, अर्धा तास हा माणूस हलला नाही, बाहेर बंड्यावाले बोंबलून राहिले होते. महिना संपल्यावर भाऊंनी ते पान मागून घेतलं आणि घरी दारामागं चिकटवलं.

इथून पुढं दर दिवाळीला बेत शिजायला लागला, आणि दर संक्रांतीच्या आधी तो नासायला लागला. कारण साधंच होतं. बर्फाचा आणि कापसाचा मोसम एकच. दिवाळीनंतर पहिली वेचणी यायची, पौष-माघात आवार तुडुंब भरलेलं, आणि गुलमर्गला शिकाऊ लोकांचं शिबिर असायचं तेही नेमकं जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात भाऊ मोकळे. पण तेव्हा तिथं गवत.

"भाऊ, उन्हाळ्यात जा ना कुठंबी," मॅनेजरसाहेब म्हणायचे. "चिखलदऱ्याले जा. थंड हाय."

"तिथं घसरता येते काय?"

"पावसाळ्यात येते."

भाऊ रजेचा अर्ज घडी घालून खिशात ठेवायचे आणि मुकाट्यानं पुढच्या बंडीवर चढायचे. असे किती अर्ज मी माझ्या हातानं लिहिले असतील! इंग्रजी माझं बरं, म्हणून गुलमर्गची पत्रंही माझ्याकडेच होती. एकदा तिकडून टाइप केलेलं सविस्तर उत्तर आलं. वरचे उतार अवघड आहेत, नवशिक्यांनी शरीराची तयारी करून यावं, अमुक इतके लोकरी मोजे आणावेत, आणि वयाची मर्यादा पन्नास. मी वाचून दाखवलं. मॅनेजरसाहेबांनी ऐकून सुचवलं, की जायचंच तर कुठं सोप्या जागी जा, मनालीकडे असतात म्हणे लहान उतार.

"एवढ्या दूर जाऊन सोपंच कराचं, तं आपली सरकी काय वाईट हाय?" भाऊ म्हणाले.

सरकीचं सांगतो. रविवारी जिन बंद असायचं. भाऊंनी बंड्यांची चाकं करणाऱ्या सुताराकडून सागवानाच्या दोन लांब फळ्या तासून घेतल्या. शेंडे वर वळायला पाहिजेत, म्हणून त्या धोब्याच्या भट्टीवर वाफवल्या. सुतार विचारत होता, हे पाट बसायचे की पाळण्याचे? वर चपला ठोकल्या. काठ्या बांबूच्या, खाली फुटक्या टोपलीची कडी. आणि उतार म्हणून सरकीची गंजी, दोन माणसं उंच. मी खाली उभा, वहिनी छत्री घेऊन बाजूला. भाऊ शिडीनं वर गेले, फळ्या बांधल्या, कानटोपी ओढली आणि सुटले.

सरकी म्हणजे काय, कापसाचं बी, पायाखाली गोट्याच. भाऊ अर्ध्यापर्यंत आले ते ऐटीत आले, मग ते आणि गंजी दोघंही एकदमच खाली आले. गंजी वरून, भाऊ खालून. आम्ही धावलो. नुसतं डोकं बाहेर, कानटोपीसकट. घमेल्यानं उपसून काढलं तेव्हा तोंडातली सरकी थुंकून म्हणतात कसे, "वेग बरोबर होता. थांबाचं तेवढं राह्यलं."

"आता पुरे करा हो!" वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. "हाडं मोडून घ्याचे हायत काय या वयात?"

त्या दिवशी खरचटलेल्या कोपराला हळद लावून भाऊ गंजीच्या पायथ्याशी बसून राहिले. मला राग आला होता. रविवार गेला, कपडे गेले, आणि सोमवारी ही सारी सरकी पुन्हा कोण रचणार? मी तिरसटपणे विचारलं, "भाऊ, खरं सांगा, काऊन पाह्यजे तुमाले हे?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. गंजीच्या टोकाकडे बघत होते.

"सारी उमर चढत आलो रे. सकाळपासून सांजपर्यंत चढतो, हात घालतो, सांगतो, शिडीनं उतरतो. अन् वर उभं राहून बोललो का खाली एखाद्याचं तोंड पडते. रोज पडते. एकदा असं पाह्यजे, का वरून सोडलं आपल्याले अन् खाली येईस्तोवर कोणी काई विचारलं नाई पाह्यजे. एकदाच. दुसऱ्यांदा नाई मांगत."

माझा राग तिथंच गेला. त्यानंतर मी त्यांची कधी थट्टा केली नाही, म्हणजे तोंडावर केली नाही.

तयारी चालूच राहिली. गावच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन ते कॅनव्हासचे बूट घालून लादीवर उभे राहायचे आणि श्लोक म्हणावेत तसं काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं देवाचं काही म्हणतात, जवळ जाऊन ऐकलं तर गाड्यांचं वेळापत्रक. आर्वीहून एसटीनं वर्धा, वर्ध्याहून दिल्ली, दिल्लीहून जम्मू, तिथून बस, मग बोगदा, श्रीनगर, तंगमर्ग, आणि मग वर. बोगद्याची लांबी त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तिथीपेक्षा पक्की पाठ होती, असं वहिनींचं म्हणणं. वहिनींनी दवाखान्यातल्या एका केरळच्या नर्सबाईंकडून विणकाम शिकून घेतलं. पहिल्या स्वेटरला एक बाही लांब झाली. दुसऱ्याला दोन्ही झाल्या. "जाऊ द्या त्यायले एकदाचं," त्या मला म्हणायच्या, "नाई तं माह्या डोक्यावर मरेपर्यंत बर्फ पडत राहीन."

तालुक्यात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. बंडीवरचे लोक प्रत ऐकून घेतल्यावर विचारायचे, "मंग भाऊ, औंदा जाता का नाई?" आणि भाऊ हात झटकत म्हणायचे, "पाहू." अशी आठ-नऊ वर्षं गेली.

ब्याऐंशीच्या जुलैत भाऊंना पन्नासावं लागलं. येणारा हिवाळा शेवटचा, पुढच्या वर्षी फॉर्मच घेणार नाहीत. भाऊ स्वतः एक शब्द बोलले नाहीत. या वेळी मी गेलो मॅनेजरसाहेबांकडे.

"जाऊ द्या त्यांना. मी सांभाळतो."

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊच्या जागेवर? अन् गडबड झाली तं?"

"नाही होणार."

"पाह्य बरं. झाली तं मी त्याले अर्ध्या वाटेतून वापस बोलावीन. मले बर्फ-बिर्फ काई समजत नाई."

मी हो म्हणालो. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती, मला वाटलं, आपल्याला येतं. भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन बोटांचे शेंडे चाचपले. "तूप लावत जा," एवढंच म्हणाले.

निघायच्या दिवशी ते आणि वहिनी पहिल्या एसटीनं वर्ध्याला गेले. गाडी दुपारी सव्वादोनची. वहिनी फक्त बसवून द्यायला चालल्या होत्या. मी सकाळी आवारात आलो, बोटांना तूप लावलेलं, छाती दोन इंच फुगलेली. पहिल्या पाच बंड्या सुरळीत गेल्या. सहावी खरांगण्याकडच्या एका म्हाताऱ्याची. धिप्पाड, तुऱ्याचा फेटा, बोलणं तोफेसारखं. मी चढलो, हात घातला, तर हाताला ओल. पहिल्याच दिवशी आपल्याला कोणी फसवू बघतंय, असं डोक्यात आलं, आणि मी घाईनं ओरडलो, "ओला! प्रत उतरवा!"

चूक काय झाली ते आता सांगतो. बंड्या पहाटेपासून रस्त्यावर उभ्या होत्या. दंव पडलं होतं. ओल वीतभरच होती, खाली कापूस खडखडीत सुका. आणि मी हात घातला होता मनगटापर्यंत.

"ओला?" म्हातारा म्हणाला. "माह्या कापसाले ओला म्हणतं? तुहा हात कुठपर्यंत गेलता बे? भाऊले बोलाव."

"भाऊ नाहीत."

"मंग मीबी नाई जात." त्यानं फाटकाच्या मधोमध बैल सोडले, जू खाली टाकलं आणि बंडीच्या दांडीवर ठाण मांडलं. "भाऊ येईस्तोवर जोडत नाई."

मागं बंड्यांची रांग पार पुलगावच्या रस्त्यापर्यंत. तासाभरात आरडाओरडा सुरू झाला. पुन्हा हात घालून बघतो म्हणायला पाहिजे होतं मी, पण तेव्हा माझी मानच ताठ झाली होती. मॅनेजरसाहेब लालेलाल होऊन बाहेर आले. "जीप घे! स्टेशनवर जाय अन् भाऊले वापस आण. आत्ताच्या आत्ता!"

आर्वी ते वर्धा तो रस्ता मी हजारदा केला असेल, पण त्या दिवसासारखा कधी केला नाही. जीपमध्ये मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि सर्वांत जास्त स्वतःचा राग येत होता. ज्या माणसासाठी मी छाती ठोकून हो म्हटलं, त्यालाच मी पहिल्या दिवशी, पहिल्या स्टेशनवरून परत आणायला चाललो होतो. हे हुकलं की कायमचं हुकलं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

प्लॅटफॉर्मवर भाऊ लांबून दिसले. अंगात दोन स्वेटर, वर कानटोपी, जानेवारीतलं आमचं दुपारचं ऊन, आणि घामानं निथळलेले. शेजारी गोधडीत गुंडाळलेल्या फळ्या. वहिनी तिळाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या. मला बघून भाऊ क्षणभर थांबले आणि मग बोलायलाच लागले.

"अरे, आला तू! बरं झालं आला. हे पाह्य, मोजे मी सात जोड घेतले, पत्रात सहा होते, पण एक राहू दे म्हटलं..."

"भाऊ, ऐका..."

"अन् घराची किल्ली तुह्या वहिनीपाशी हाय. पोरगी कशी हाय तुही? दात आले काय? इंजन पाह्य, इंजन, सिग्नल पडला वाटते..."

"भाऊ, तिकडं जिनात..."

"जिनात तू हायस ना! मले काई काळजी नाई. धर, ते टोक धर फळ्यायचं. हळू. अरे, बाईच्या डोक्याले लागन!"

असे ते कधी बोलत नसत. दिवसात चार वाक्यं बोलणारा माणूस, त्या दिवशी मला श्वास घ्यायला फट ठेवली नाही. गाडी आली, थांबली. मी फळ्या चढवल्या, होल्डॉल चढवला, खाली उतरलो, आणि खिडकीपाशी उभा राहिलो. आता सांगायचं, आता सांगायचं असं म्हणत राहिलो. भाऊ लाडवाच्या डब्याच्या झाकणाबद्दल बोलत होते. गाडी हलली. भाऊ बोलतच होते.

गाडी गेल्यावर वहिनींनी डोळे पुसले. "काऊन आलता रे तू?"

"सहजच," मी म्हणालो.

त्यांना जीपमध्ये घेऊन परत आलो. फाटकात बैल रवंथ करत बसलेले, म्हातारा दांडीवर तसाच. मॅनेजरसाहेब धावत आले. "कुठं हायत भाऊ?"

माझ्या आधी वहिनीच खाली उतरल्या. त्यांनी रांग पाहिली, सोडलेले बैल पाहिले, माझं तोंड पाहिलं आणि त्यांना सगळं उमजलं.

"गेले ते," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. "मी माह्या हातानं बसवून आली."

"गेला?" म्हातारा उठून उभा राहिला. "बर्फावर? खरंच गेला भाऊ?"

"खरंच गेले."

म्हाताऱ्यानं मागं वळून रांगेला ओरडून सांगितलं, "अरे, भाऊ गेला रे बर्फावर!" आणि काय सांगू, सकाळपासून शिव्या देणारी ती माणसं हसायला लागली. कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, पोचला एकदाचा! म्हाताऱ्यानं मला बंडीकडे ढकललं. "जाऊ दे मंग. तूच पाह्य. पण हात घाल नीट, लेका."

मी चढलो आणि या वेळी काखेपर्यंत हात घातला. कापूस एक नंबरचा होता. मी वरूनच हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

भाऊ तीन आठवड्यांनी आले. नाकाची साल निघालेली, एक गुडघा सुजलेला. विचारलं तर थोडं थोडं सांगायचे. पहिल्या दिवशी उतारावर गेल्यागेल्या त्यांनी सवयीनं बर्फात कोपरापर्यंत हात घातला होता, मूठभर काढून दोन अंगठ्यांत ओढून धागा बघायला गेले, तर त्याचं पाणी झालं. शिकवणारा काश्मिरी पोरगा त्यांना 'चाचा' म्हणायचा. कॉलेजातल्या पोरांमध्ये हे एकटे पन्नाशीचे, दिवसातून वीस वेळा पडायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी हट्टानं वरच्या अवघड उतारावर नेऊन सोडायला लावलं.

"मंग?"

"अर्धा उभ्यानं आलो, अर्धा बसून."

"आणि कसं वाटलं?"

"कोणीच काई विचारलं नाई रे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मी इतका मोकळा पुन्हा कधी पाहिला नाही.

मी मात्र त्या प्लॅटफॉर्मच्या दिवसावर मनातल्या मनात मोठा होऊन बसलो होतो. आपण तोंड मिटून राहिलो म्हणून हा माणूस जाऊ शकला, असा माझा समज. कोणाला बोललो नाही, पण आत खूप बरं वाटायचं.

आता मी वर्ध्याच्या नालवाडीत राहतो, ते जिन कधीच बंद पडलं, भाऊ आणि वहिनी दोघंही राहिले नाहीत. पण भाऊ बर्फावरून आले त्याच वर्षीची मे महिन्यातली एक दुपार आहे, तेवढी सांगतो. मोसम संपला होता, आवार रिकामं, आम्ही दोघं कडुनिंबाखाली बाजेवर बसलो होतो. भाऊ एकदम म्हणाले, "तू स्टेशनवर मले वापस न्याले आलता ना?"

मी चमकलो. "वहिनी बोलल्या?"

"तिनं काय सांगाचं? कुंपणापल्याड जिनाची जीप उभी होती. तुह्या डोक्यावर रुई तशीच. कामावरून अर्ध्यात उठून कोणी निरोप द्याले येते काय? तू पुलावरून उतरतानाच मले समजलं."

"मग विचारलं काऊन नाही?"

"विचारलं असतं तं तू सांगतलं असतं. अन् तू सांगतलं असतं तं मले गाडीत बसताच आलं नसतं. म्हणून बोलतच राह्यलो. तुले बोलू देल्लं नाई. कोणाच्या तरी बंडीचं अडलं हाय हे माहीत होतं मले, अन् तरी मी गेलो. सारा रस्ता, दिल्लीपर्यंत, एकच डोक्यात, का तिथं कोण उभं असन. लय चुकलं का रे माह्यं?"

इतकी वर्षं मी त्यांचा निकाल ऐकत आलो होतो. आज ते मला विचारत होते, आणि त्यांची ती जपलेली बोटं बाजेची सुतळी चाचपत होती.

"काही चुकलं नाही भाऊ. तुम्ही गाडीतून उतरला असता ना, तर मीच तुम्हाला परत आत ढकललं असतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलून राह्यला."

"हाव," मी म्हणालो. "उतरला असता तर आणलं असतं तुम्हाला."

"हाव ना?"

"हाव."

भाऊंनी मान हलवली, डोळे पुसले, आणि मग हसले. मीही हसलो. बरं झालं त्यांनी मला बोलू दिलं नाही.